लिथियमची गोळी सुरू असलेल्या घरासाठी: विषबाधेची लक्षणे वेळेवर कशी ओळखावीत

मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात कोणाला चक्कर आली, उलटी झाली किंवा कोणी दुपारभर निपचित पडून राहिले, की निदान घरातच होऊन जाते: ऊन लागले. तळपायाला कांदा चोळला जातो, कैरीचे पन्हे दिले जाते आणि बहुतेक वेळा माणूस दिवेलागणीपर्यंत उठून बसतो. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीतही आम्ही हेच म्हणालो आणि त्यात दोन दिवस गेले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. बायपोलर आजारासाठी त्यांना अनेक वर्षांपासून लिथियमची गोळी चालू आहे आणि त्या गोळीने त्यांना नोकरी, शेती, नातवंडे हे सगळे नीट अनुभवू दिले आहे. त्या दोन दिवसांत त्यांच्या रक्तातले लिथियम वाढत होते, आणि ते ओळखण्याच्या खुणा आमच्या डोळ्यांसमोर असूनही त्यांचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता. ज्यांच्या घरात ही गोळी नुकतीच सुरू झाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे वाचून घाबरून कोणीही आपल्या मनाने गोळी बंद करू नये. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग जगापुढे मांडला आणि इतक्या वर्षांनंतरही अति उत्साह आणि खोल नैराश्य यांच्या फेऱ्यांत सापडलेल्या माणसासाठी ते अत्यंत भरवशाचे औषध मानले जाते. आत्महत्येचा धोकाही ते कमी करते. अचानक बंद केल्यास आजार उसळून परत येऊ शकतो. या औषधाची अडचण एवढीच आहे की उपयोगी पडणारी मात्रा आणि घातक ठरणारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडे असते.

पहिली पायरी: आपल्या माणसाचा नेहमीचा आकडा माहीत करून घ्या

लिथियमची रक्ततपासणी शेवटची गोळी घेतल्यानंतर साधारण १२ तासांनी करतात. म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली असेल, तर सकाळची गोळी न घेता नऊच्या सुमारास रक्त द्यायचे आणि मग गोळी घ्यायची. गोळी घेऊन लगेच रक्त दिले तर आकडा फसवा, जास्त येतो. बहुतेक रुग्णांमध्ये हा आकडा ०.६ ते १.० mEq/L (रिपोर्टवरचे मोजमाप) यांच्या दरम्यान ठेवतात. वयस्कर माणसांत डॉक्टर अनेकदा त्याहून कमी राखतात. १.५ च्या वर गेला की विषबाधेची शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते आणि २ च्या पुढे धोका झपाट्याने वाढतो. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर साधारण आठवड्याने तपासणी होते, आकडा स्थिरावल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने. त्याच वेळी किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियम यांचीही पाहणी ठरलेल्या अंतराने करावी लागते.

तालुक्याच्या प्रत्येक लॅबमध्ये ही तपासणी होत नाही. बऱ्याचदा नमुना बाहेर पाठवतात. त्यामुळे रिपोर्ट किती वेळात मिळतो, हे आधीच विचारून ठेवावे. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: रक्त गोळा करण्याच्या काही नळ्यांमध्ये लिथियम हेपारिन नावाचा पदार्थ असतो. त्या नळीत रक्त घेतले तर आकडा खोटा वाढलेला दिसतो. ‘लिथियमची तपासणी आहे’ हे नमुना घेणाऱ्याला तोंडाने सांगावे.

हे सगळे आकडे महत्त्वाचे असले, तरी रिपोर्टवर पूर्ण विसंबून राहू नये. जो माणूस वर्षानुवर्षे गोळी घेतो, त्याच्या मेंदूत लिथियम हळूहळू साठलेले असते. त्याच्यात आकडा फारसा वाढलेला नसतानाही विषबाधेची ठळक लक्षणे दिसू शकतात. याउलट एखाद्याने एकाच वेळी पुष्कळ गोळ्या घेतल्या असतील, तर आकडा खूप वर असूनही सुरुवातीचे काही तास तो बरा वाटू शकतो, कारण लिथियम मेंदूत पोहोचायला वेळ लागतो. संथपणे विरघळणाऱ्या गोळ्यांमध्ये तर हा उशीर आणखी वाढतो. म्हणून जास्त गोळ्या घेतल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुसरी पायरी: लिथियम वाढते कशाने, हे समजून घ्या

बहुतेकांना वाटते की जास्त गोळ्या खाल्ल्याशिवाय विषबाधा होणार नाही. अण्णांनी एकही गोळी जास्त घेतली नव्हती. लिथियम शरीरातून बाहेर जाते ते जवळजवळ पूर्णपणे लघवीवाटे, म्हणजे किडनीमार्फत, आणि किडनी लिथियमला पुष्कळशी मिठातल्या सोडियमसारखीच वागणूक देते. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की किडनी सोडियम धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. मात्रा तीच, गोळी तीच, पण बाहेर जायचे ते आतच साठू लागते.

आता हे आपल्या मुलखाशी ताडून पाहावे. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर, अंगातून घामाच्या धारा, गावात टँकरची वाट पाहणारी घागरींची रांग, आणि पाणी जपून वापरायची सवय इतकी अंगात मुरलेली की माणूस पिण्याचे पाणीही नकळत कमी करतो. त्यातच लिथियममुळे लघवी जास्त होते आणि तहान जास्त लागते; रात्री सारखे उठावे लागते म्हणून वयस्कर माणसे संध्याकाळनंतर पाणी टाळतात. अण्णा नेमके हेच करत होते. ऊसतोडीला गेलेला, वीटभट्टीवर काम करणारा, लग्नसराईत मांडवाखाली दिवसभर राबणारा माणूस लिथियमवर असेल, तर त्याला पाण्याची बाटली हाताशी हवीच.

उपवासांचे तसेच आहे. साबुदाण्याची खिचडी, भगर, ताक आणि पुरेसे पाणी घेऊन केलेली एकादशी सहसा निभावून जाते. पण निर्जळी उपवास, नवरात्रातला नऊ दिवसांचा कडक उपवास, मीठ वर्ज्य करणारे अळणी व्रत आणि रमजानचे रोजे यांबाबत डॉक्टरांशी आधी बोलल्याशिवाय ठरवू नये. बीपीसाठी कोणी ‘मीठ तोडा’ म्हणून सांगितले आणि घरच्यांनी एका दिवसात जेवण अळणी केले, तरी लिथियम वाढू शकते. मीठ आणि पाणी दोन्ही दररोज सारखे असावे. एकदम कमी नको आणि एकदम वाढवणेही नको.

जुलाब, उलट्या आणि ताप ही तिसरी वाट. पावसाळ्याच्या सुरुवातीला गढूळ पाण्याने गावात हगवण पसरते तेव्हा लिथियम घेणाऱ्या माणसाला इतरांसारखे ‘दोन दिवस बघू’ म्हणून चालत नाही. पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते दुसऱ्या गोळ्यांकडे. गुडघा दुखला, कंबर धरली, की आपण मेडिकलवर जाऊन ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हणतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसेक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या वेदनाशामक गोळ्या किडनीतून लिथियम बाहेर जाण्याचे प्रमाण कमी करतात. साधी पॅरासिटामॉल बहुधा चालते, परंतु बाजारात पॅरासिटामॉलबरोबर ॲसेक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मिसळलेल्या गोळ्या खूप आहेत, म्हणून पाकिटावरची दोन्ही नावे वाचावीत. बीपीच्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल आणि लघवी वाढवणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइड व क्लोरथॅलिडोन यांनीही लिथियम वाढू शकते; बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर असेल तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असते. ही औषधे कधीच एकत्र देत नाहीत असे नाही, पण देताना मात्रा बदलावी लागते आणि रक्त पुन्हा तपासावे लागते. बीपीसाठी वेगळ्या डॉक्टरांकडे जात असाल तर लिथियमची पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवावी. आपल्याकडे ते लिथोसन, लायकॅब, इन्टालिथ अशा नावांनी मिळते, त्यामुळे ‘झोपेची कसलीतरी गोळी आहे’ एवढेच सांगितल्याने कोणालाच काही बोध होत नाही.

तिसरी पायरी: नेहमीचा त्रास आणि धोक्याची खूण यांतला फरक

लिथियम घेणाऱ्या पुष्कळ जणांच्या बोटांना हलका कंप असतो. हात पुढे पसरले की बोटे बारीक थरथरतात, तहान लागते, तोंडाला धातूसारखी चव येते, सुरुवातीला थोडी मळमळ होते. हे डॉक्टरांच्या कानावर घालावे, पण त्यासाठी रात्रीतून धावपळ करण्याची गरज नसते. पाहायचे असते ते बदलाकडे.

अण्णांचा बदल मला प्रथम चहाच्या बशीत दिसला होता. एरवी त्यांच्या हातातला कप किंचित हलायचा, बशीला लागून टकटक व्हायची, पण चहा सांडत नसे. त्या सकाळी अर्धा चहा बशीत आणि उरलेला धोतरावर सांडला. हात थरथरत नव्हता, तो हिसके दिल्यासारखा हलत होता. मी कप धरला आणि म्हणाले, “अण्णा, हात जास्तच हलायलाय की आज.” ते म्हणाले, “ऊन लागलंय गं, दुसरं काही नाही.” ते बोलताना त्यांची जीभ जड वाटली, आणि तेही मी उन्हावरच ढकलले. दुपारी ते ओसरीवरून उठून मोरीकडे जाताना पाय फाकवून, भिंतीला हात लावत गेले. कंप मोठा होणे, जीभ जड पडणे आणि तोल जाणे या तीन गोष्टी एकाच दिवशी माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या होत्या.

विषबाधेची सुरुवात बहुधा पोटापासून आणि सुस्तीपासून होते: मळमळ, उलट्या, जुलाब, भूक नाहीशी होणे, हातापायांत त्राण न राहणे, दिवसा पेंग येणे. याच टप्प्यावर जागे व्हायला हवे, कारण उलटी-जुलाबाने पाणी आणखी कमी होते आणि त्यामुळे लिथियम आणखी वाढते. लक्षणच पुढे कारण बनते. त्यानंतर कंप जाडाभरडा होतो, हातांबरोबर जबडा किंवा पायही हलू लागतात, बोलणे अडखळते, चालताना तोल जातो, नजर अंधुक होते, कानात आवाज येतात, स्नायू मध्येच उडतात. त्याहून पुढे माणूस गोंधळतो, घरच्यांची नावे चुकवतो, कोणता वार आहे हे सांगू शकत नाही, गुंगीत जातो. फिट येऊ शकते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. ही लक्षणे क्रमाने येतीलच असे मात्र नाही. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांमध्ये पोटाचा त्रास अजिबात न होता थेट तोल आणि बोलणे बिघडू शकते.

गैरसमज तीन ठिकाणी होतो. उष्माघातात अंग तापते, पण तपमान साधे आहे म्हणून विषबाधा नाही असे ठरत नाही. शिवाय दोन्ही एकत्र असू शकतात. झोकांड्या खात चालणारा, बोबडे बोलणारा माणूस दिसला की गाव त्याला दारू प्यायलेला ठरवते आणि घरचे लाजेने त्याला आत कोंडतात. आणि घरच्यांना स्वतःला वाटते की जुना मानसिक आजार परत आला. आजाराच्या तेजीत माणूस कमी झोपतो, भरभर बोलतो, त्याचे पाय घरात ठरत नाहीत. विषबाधेत तो बहुधा सुस्त होतो, संथ आणि जड बोलतो, त्याचे पाय नीट पडत नाहीत. या फरकाच्या आधारे आजार परतला आहे असे समजून गोळी वाढवण्याची घोडचूक टाळता येते.

चौथी पायरी: एक वही ठेवा

माणूस बरा असतानाच हे करावे. दर रविवारी त्याला वहीत आपले नाव, तारीख आणि एक गोगलगायीच्या शंखासारखे वर्तुळ काढायला सांगावे. पहिल्या महिन्याभरात त्याच्या हाताचे नेहमीचे वळण वहीत उतरते. पुढे कधी शंका आली की त्याच वहीत पुन्हा लिहून घ्यावे. आधीच्या पानाशी ताडून पाहिले की कंप वाढला की नाही, यावर घरात वाद उरत नाही. अक्षर ओळखू न येण्याइतके बदलले असेल, तर पुढे विचार करत बसू नये. त्याच वहीत रक्ताचे आकडे, नवी सुरू झालेली प्रत्येक गोळी आणि ताप-जुलाबाचे दिवस टिपून ठेवावेत.

पाचवी पायरी: शंका आली तर काय करावे

पुढची लिथियमची गोळी देऊ नये. एवढा एक निर्णय घरच्यांनी लगेच घेतला तरी पुष्कळ साधते. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल तर पाणी द्यावे. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नये. उलट्या-जुलाब सौम्य असून बाकी काही नसेल तर डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी रक्त द्यावे. पण मोठा कंप, अडखळते बोलणे, तोल जाणे, गोंधळ, गुंगी किंवा फिट यांपैकी एकही असेल, तर १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने जिल्हा रुग्णालय किंवा जवळचे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर येथे अशी शासकीय रुग्णालये पूर्वीपासून आहेत. आपल्या घरापासून डायलिसिसची सोय असलेले ठिकाण कोणते, हे संकट येण्याआधीच माहीत असावे.

आमची चूक इथे झाली. आम्ही अण्णांना आधी जवळच्या एका दवाखान्यात नेले आणि ‘उन्हाचा त्रास’ असे आम्हीच सांगितले. तिथे सलाईन लावले आणि अंगदुखीसाठी इंजेक्शन दिले. ते इंजेक्शन डायक्लोफिनॅकचे होते. लिथियमचा उल्लेख ना आम्ही केला, ना आम्हाला कोणी विचारले. म्हणून रुग्णालयाच्या दारात पहिले वाक्य हेच असावे: ‘यांना लिथियम चालू आहे.’ गोळ्यांची पट्टी, फाईल, शेवटची गोळी किती वाजता घेतली, गेल्या पंधरा दिवसांत दुसऱ्या कोणत्या गोळ्या घेतल्या, लघवी किती झाली, एवढे सांगता आले की डॉक्टरांचे काम सोपे होते. लिथियमचा रिपोर्ट यायला वेळ लागला तरी क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम आणि ईसीजी लगेच होऊ शकतात.

रुग्णालयात नसेवाटे सलाईन देऊन किडनीला लिथियम बाहेर टाकायला मदत करतात. इतर अनेक विषांवर पोटात देतात तो औषधी कोळसा लिथियमला बांधून ठेवत नाही, त्यामुळे ‘पोट साफ करा’ असा आग्रह धरू नये. कोणता उपाय लागू आहे हे गोळीच्या प्रकारावर आणि वेळेवर ठरते. आकडा फार वर असेल, किडनी मंदावलेली असेल, किंवा शुद्ध आणि हृदयाचे ठोके बिघडले असतील, तर डायलिसिस करतात. डायलिसिस हा शब्द ऐकून घरचे हादरतात, पण येथे तो बहुधा थोड्या वेळांपुरता असतो. एक मात्र लक्षात ठेवावे: डायलिसिसनंतर रक्तातला आकडा उतरतो आणि काही तासांनी पेशींमध्ये साठलेले लिथियम रक्तात परत आल्याने तो पुन्हा वाढू शकतो. त्यामुळे माणूस बोलायला लागला म्हणून सुट्टीची घाई करू नये.

उशीर झाल्यास किंमत मोठी पडते. काहींच्या लहान मेंदूला कायमची इजा होते आणि लिथियम शरीरातून गेल्यावरही चालण्यातला तोल आणि बोलण्यातली स्पष्टता पूर्ण परत येत नाही. अण्णांचा आकडा २.१ आला होता. ते बरे झाले, पण पायऱ्या उतरताना ते आजही कठडा धरतात.

बरे झाल्यावर

गोळी पुन्हा सुरू करायची की नाही, किती मात्रेने, हे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. अण्णांना कमी मात्रेने पुन्हा सुरू केली आहे आणि रक्ततपासणी आता जास्त वेळा होते. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर रक्तातले प्रमाण बरेच बदलते. ज्या घरात माणूस निराशेच्या काळातून जात आहे तिथे गोळ्यांचा साठा घरच्यांनी स्वतःकडे ठेवावा. जिवाचे काही बरेवाईट करण्याचे विचार त्याच्या बोलण्यात आले, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

अण्णा दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जातात. जाण्याआधी मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवते. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते: ‘मला लिथियमची गोळी चालू आहे. मी अडखळत बोलत असेन किंवा माझा तोल जात असेल, तर मी दारू प्यायलेलो नाही. कृपया मला रुग्णालयात न्यावे आणि रक्तातले लिथियम तपासावे. दुखण्याचे इंजेक्शन देण्याआधी ही चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी.’ खाली गोळीचे नाव, मात्रा आणि माझा फोन नंबर असतो.